इनस्क्रिप्ट शिकायचं की रोमनमधूनच मराठी टंकायचं?

वेलांटी
इनस्क्रिप्ट म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळमांडणी. तिच्याबद्दलची कालची पोस्ट वाचून गप्प बसवत नाही. "इनस्क्रिप्ट ही सरकारी अडगळ, रोमनमध्ये लिहा, गूगल मराठी करून देतं, शिकण्यात वेळ घालवू नका." गूगल मराठी करून देत नाही, अंदाज करतं. 'kal' टाइप केलं की काल, काळ, कल, कळ यातलं एक तुम्ही निवडायचं आणि दर दोन ओळींनी नजर यादीवर न्यायची. इनस्क्रिप्टमध्ये ल म्हणजे एन, ळ म्हणजे शिफ्ट-एन. विषय संपला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. 'सरबत' चार कळांत होतं, रोमनमध्ये सात लागतात, कारण प्रत्येक अ वेगळा दाबावा लागतो. मांडणी १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात आहे आणि क ची कळ गुजराती, कन्नड, तेलुगूतही तीच.

मधलीओळ
दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. शब्द सुचवणारं गूगल वेगळं आणि ठरलेल्या नियमाने रोमन कळांतून उच्चाराप्रमाणे अक्षर देणारं फोनेटिक वेगळं. गमभनसारख्या पद्धतीत मोठा एल म्हणजे ळ, मोठा एन म्हणजे ण, तिथे अंदाज कुठे आला? विंडोज १० मध्येही २०१९ पासून मराठी फोनेटिक आहे. कळा मोजायच्या तर जोडाक्षरांच्याही मोजा. 'स्वातंत्र्य' इनस्क्रिप्टमध्ये अकरा कळा, रोमनमध्येही अकरा. सोयीचा शब्द निवडून हिशेब मांडू नका.

खिळेजुळारी
दोघेही डीटीपीवाल्यांना, म्हणजे छपाईसाठी संगणकावर मजकूर जुळवणाऱ्यांना विसरलात. श्रीलिपी, कृतिदेव या जुन्या फॉन्टांत रेमिंग्टनवर, म्हणजे टाइपरायटरच्या मांडणीवर, ज्यांचे हात बसलेत त्यांना "इनस्क्रिप्ट शिका" सांगणं सोपं आहे. रेमिंग्टनमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, रफार नंतर. ती सवय इनस्क्रिप्टवर नेली की 'गणित'चं 'गिणत' होतं, 'सर्व' लिहिताना रफार भलतीकडे जातो. चालू कामात हे कोण निस्तरणार? रेमिंग्टन मांडणीतूनही युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणारा मजकूर निघतो, त्यासाठी वेगळं इनपुट टूल बसवावं लागतं एवढंच. मांडणी आणि फॉन्टचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षर आत साठवण्याची पद्धत, यांची गल्लत करून आम्हाला मागासलेले ठरवणं बंद करा.

वेलांटी
मागासलेलं कोणी म्हटलेलं नाही. रेमिंग्टनवर वेग असेल तर बदलू नका, हे मान्य. पण नव्याने शिकणाऱ्याला रेमिंग्टन शिकवणं चूकच, तिथे अर्ध्या अक्षराला काना जोडून पूर्ण अक्षर करण्याचा टाइपरायटरचा नियम विनाकारण पाठ करावा लागतो. आणि मधलीओळ, तुमच्या फोनेटिकमध्ये 'आचार्याला' आणि 'आचाऱ्याला' वेगळं लिहून दाखवा.

मधलीओळ
दाखवतो. काही ठिकाणी मोठा आर वापरला की ऱ्य होतो.

रफार
होतो, पण आत काय जातं ते पाहा. खरा घोळ तिथेच आहे. काही साधनं ऱ + हलन्त + य देतात, काही र + हलन्त + अदृश्य जोडचिन्ह + य. पडद्यावर 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' सारखेच दिसतात, पण वर्डमध्ये एक शोधलं तर दुसरं सापडेलच असं नाही. एक्सेलमध्ये एकाच गावाच्या दोन नोंदी होतात. ॲ चं तेच. अ वर चंद्र देऊन केलेला अॅ आणि २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये आलेला स्वतंत्र ॲ जुळत नाहीत. हजार पानांच्या सूचीत हे चालणार नाही.

मधलीओळ
मग हा दोष साधनाचा झाला, फोनेटिक पद्धतीचा नाही!

रफार
फरक काय पडतो? बिघडतो तो मजकूरच. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे, डी, मग तिरकी रेघ, म्हणजे ऱ, हलन्त, य. आत काय गेलं ते टंकणाऱ्याला माहीत असतं. जुन्या फाइली सुधारायच्या तर मजकुरातूनच 'र्‍' उचला, शोधा-बदला खिडकीत चिकटवा, बदली ऱ् द्या. उचलताना जोडचिन्ह सुटलं तर 'सूर्य'चाही 'सूऱ्य' होईल, म्हणून आधी प्रत ठेवा.

खिळेजुळारी
हा मुद्दा बरोबर आहे, मानावाच लागेल. श्रीलिपीतून युनिकोड करणारे कन्व्हर्टरही इथेच अडखळतात. पण मूळ प्रश्न राहिलाच. शिकायचं कसं, ते कोणी सांगत नाही.

वेलांटी
विंडोजमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडा, विंडोज-स्पेसने अदलाबदल करा. कळांवर स्टिकर लावू नका, नजर खालीच राहते. तक्ता छापून पडद्याच्या कडेला लावा. आधी फक्त मधली ओळ: डावीकडे ो े ् ि ु, उजवीकडे प र क त च ट. 'तिचे पोते', 'पुरते', 'टोचते' एवढ्यावरच होतात. मग काना, म, न, स, ल. शिफ्टची अक्षरं शेवटी. प्रगत कीबोर्ड सेटिंगमध्ये प्रत्येक खिडकीसाठी वेगळी इनपुट पद्धत ठेवण्याचा पर्याय निवडा, नाहीतर पासवर्डच्या रकान्यात देवनागरी उमटते.

मधलीओळ
शोध आणि सूचीच्या कामाला इनस्क्रिप्ट, ठीक. पण दिवसाला चार ओळी लिहिणाऱ्यावर ते लादू नका, तो मराठी लिहिणंच सोडेल.

रफार
त्याने चारच ओळी लिहाव्यात, पण त्याच्या साधनातून कोणता ऱ्य निघतो ते एकदा तपासावं. 'दुसऱ्या' टंकून तीनदा बॅकस्पेस दाबा. खाली टिंब असलेला ऱ उरला तर ठीक. 'दुसर्' उरलं तर तुमचं साधन र आणि जोडचिन्ह वापरतंय, ते बदला.