मदत हवी आहे: गळाला लागलेले मासे कच्चे खायचे होते, पण पोटात जिवंत अळ्या निघाल्या

रविवारी पहाटे गळाला सात बांगडे लागले. मुलगा कधीचा मागे लागलाय, आपण पकडलेल्या माशाचे साशिमीसारखे कच्चे काप एकदा घरी करूया म्हणून. त्यासाठीच या वेळी पेटीभर बर्फ नेला होता. घरी येऊन पहिल्या माशाचं पोट चिरलं, तर आतड्यांवर आणि यकृताला चिकटून पांढरट वेटोळी बसलेली. घड्याळाच्या स्प्रिंगसारखी घट्ट, मसुराच्या दाण्याएवढी. चार मोजली. चिमट्याने एक उचलून कोमट मिठाच्या पाण्यात टाकलं. थोड्या वेळाने वेटोळं सैल झालं आणि दोन-अडीच सेंटीमीटरची अळी एक टोक उचलून इकडेतिकडे फिरवायला लागली. मासा मरून सहा तास झाले होते, सगळा वेळ बर्फात होता, तरी ती जिवंत. मुलगा शेजारीच उभा होता. त्याच्या पोटात ती गेली असती, या विचाराने माझे हातपाय गळाले.

त्या दिवशी सगळे मासे नीट शिजवून खाल्ले, कुणाला काही झालं नाही. त्यानंतर रोज रात्री वाचत बसलोय. ही अनिसाकिस असावी. व्हेल आणि डॉल्फिनच्या पोटात ती मोठी होते, तिची अंडी समुद्रात पडतात, त्यातून निघालेल्या अळ्यांना कोळंबीसारखे बारीक जीव खातात आणि त्यांच्यामार्फत त्या माशात आणि माकुळात येतात. मासा जिवंत असेतो त्या बहुतेक आतड्यांभोवती असतात. मेल्यावर काही पोटातून मांसात शिरतात. म्हणजे पोट जागच्या जागी साफ करायला हवं होतं, मी सहा तास तसंच ठेवलं. ही चूक पुन्हा करणार नाही.

आता अडलंय ते इथे. पुढच्या वेळी कच्चे काप करायचेच असतील तर घरच्या फ्रीजरवर भरवसा ठेवावा का? माझ्या फ्रीजरच्या पाटीवर उणे १८ दिसतं, पण दोन पाकिटांच्या मधे थर्मामीटर खुपसला तर उणे १५. एक मित्र म्हणतो, लिंबात किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर मुरवलं की सगळं मरतं. दुसरा म्हणतो, पातळ काप करून दिव्यासमोर धरले की अळी दिसते, तेवढं पुरे. आणि भाऊ नदीत गळ टाकतो, त्याला वाटतं की ही भानगड समुद्राच्या माशांची, गोड्या पाण्याचा मासा निर्धोक. घरात गरोदर बहीण आहे, त्यामुळे अंदाजपंचे काहीही करायचं नाहीये. ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

मासे गोठवण्याच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. आधी मित्रांचं. लिंबाने आणि व्हिनेगरने मांस पांढरं पडतं, शिजल्यासारखं दिसतं, पण ही अळी माणसाच्या जठरातल्या आम्लात टिकते, तिला लिंबाचं काय! व्हिनेगरमध्ये ती कित्येक दिवस जगते. हलकं मीठ लावणं किंवा थंड धूर देणं यावरही भिस्त ठेवू नका. दिव्यासमोर धरल्याने काही अळ्या सापडतात, ते जरूर करा, पण बांगड्याच्या गडद मांसात खोल बसलेली सुटते. न दिसणं म्हणजे नसणं नव्हे.

खात्रीचे उपाय दोनच, उष्णता किंवा कडक थंडी. शिजवताना माशाच्या सगळ्यात जाड भागात ६३ अंश सेल्सिअस गाठा. कच्चा खायचा तर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा नियम असा: उणे २० किंवा त्याहून थंड तापमानात ७ दिवस. किंवा उणे ३५ ला कडक गोठवून तिथेच १५ तास. युरोपीय संघाचा नियम उणे २० ला २४ तासांचा आहे, पण ते २४ तास माशाच्या गाभ्याचं तापमान उणे २० झाल्यापासून मोजायचे, आणि घरच्या फ्रीजरला गाभा तिथवर न्यायलाच फार वेळ लागतो. म्हणून घरी ७ दिवसच धरा, तेही गाभा उणे २० ला पोचल्यावर. तुमच्या उणे १५ मध्ये महिना ठेवलात तरी मी तो मासा कच्चा खाणार नाही. वेगळा डीप फ्रीझर असेल तर काप पातळ, एकेरी थरात ठेवा आणि दार उघडझाप करू नका.

आणखी एक, जे लोक विसरतात. बांगडा आणि ट्यूना उन्हात राहिले की जिवाणू त्यात हिस्टामिन तयार करतात. ते गोठवून जात नाही, शिजवूनही जात नाही. चेहरा लाल होणं, डोकं ठणकणं, अंगावर गांधी उठणं हे त्यामुळे होतं. तुम्ही बर्फ नेलात हे फार चांगलं केलंत. मासा पाण्यातून निघाल्यापासून तो बर्फ सुटता कामा नये.

प्रतिसाद २

भावाला कृपा करून आजच सांगा: गोड्या पाण्यातला मासा कच्चा अजिबात नको. त्यातल्या यकृतकृमींच्या गाठी इतक्या बारीक असतात की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. हे कृमी माणसाच्या पित्तनलिकेत वर्षानुवर्षं राहतात, आणि त्यांच्या दोन जाती माणसात कर्करोग घडवणाऱ्या म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहेत. पट्टकृमीही याच वाटेने येतो, तो काही मीटर लांब वाढतो आणि शरीरातलं बी-१२ खातो. बहिणीला तर गोठवलेला कच्चा मासाही देऊ नका. गोठवल्याने कृमी मरतात, लिस्टेरियासारखे जिवाणू मरत नाहीत.

आणि कच्चा मासा खाल्ल्यावर काही तासांत पोटात जीवघेणी कळ, उलट्या सुरू झाल्या तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की कच्चा मासा खाल्लाय. दुर्बीण घालून अळी चिमट्याने काढता येते आणि दुखणं लगेच उतरतं. अंगावर पित्त उठलं, घसा आवळला, तर एक मिनिटही थांबू नका. ज्याला या अळीची ॲलर्जी जडली आहे त्याला मेलेल्या अळीनेही त्रास होऊ शकतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. भावाला फोन केला, तो आधी हसला, पण यकृतकृमीचं ऐकून गप्प झाला आणि कच्चं खाणार नाही म्हणाला. ओळखीत एकांकडे डीप फ्रीझर आहे. उद्या त्यात थर्मामीटर ठेवून पूर्ण दिवस नोंद घेतो. उणे २० च्या खाली टिकला तरच मुलाचे काप, नाहीतर पुढचे बांगडेही शिजवूनच. पोट मात्र आता किनाऱ्यावरच साफ करणार, त्यासाठी वेगळी सुरी आणि फळी काढून ठेवली आहे. एक राहिलं: काढलेली आतडी परत पाण्यात टाकू नयेत ना? टाकली तर इतर मासे ती खाऊन अळ्या पुन्हा त्यांच्यात जातील असं वाटतंय.

प्रतिसाद १

बरोबर वाटतंय. पिशवीत बांधून घरी आणा आणि कचऱ्यात टाका.