मदत हवी आहे: मांजरीच्या कानात काळा मळ, सारखी डोकं झाडते (सांगली)

गावभागची सून

नमस्कार मंडळी. आमची चिंगी, वय साधारण दीड वर्ष, ऑपरेशन झालेली. काही दिवसांपासून सारखी डोकं झाडते आणि मागच्या पायानं कान ओरबाडते. डाव्या कानामागचे केस गेलेत, खाजवून खाजवून तिथे जखम झालीय. बॅटरीच्या उजेडात कान उलटून पाहिला तर आत काळपट तपकिरी, कोरडी, कॉफीच्या पुडीसारखी घाण. कानाच्या मुळाशी नुसतं बोट घासलं की तिचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागतो. खाणंपिणं, उड्या मारणं सगळं नेहमीसारखं.

सल्ल्यांना घरात तोटा नाही. सासूबाई म्हणतात, कोमट खोबरेल तेलात चिमूटभर हळद घालून सोड. (सांगलीत हळदीशिवाय दुसरं काय ऐकायला मिळणार!) शेजारच्या गोठ्यातले काका तर गोचिडाच्या औषधाची बाटलीच घेऊन दारात आले, "दोन थेंब पाण्यात टाकून चोळा, म्हशींना हेच मारतो." मेडिकलवाल्याने माणसांच्या कानातला मळ मऊ करायचा ड्रॉप दिलाय. अजून मी यातलं काहीच वापरलेलं नाही. गोठ्यावर येणाऱ्या डॉक्टरांना विचारलं, तर "मी गाई-म्हशींचं बघतो, मांजराचा कान शहरात दाखवा" म्हणाले.

हे नक्की काय असेल? घरी साफ करता येतं का? जाऊबाईंचं रांगतं बाळ दिवसभर चिंगीच्या मागे असतं, त्याला काही होईल का? आणि डॉक्टरकडे नेण्याआधी फोनवर काय विचारून घ्यावं?

मिरजकर

ताई, वर्णनावरून कानातले माईट्स (अगदी बारीक परजीवी किडे) वाटतायत. आमच्या बोक्याला डिट्टो हेच झालं होतं. पण आधी एवढं सांगा: एका कानात आहे की दोन्ही? घाण वास येतो का? पू, ओलसरपणा? मान एका बाजूला कलती धरते का?

गावभागची सून

दोन्ही कानांत आहे, डावा जास्त. वास नाही, ओलं नाही. मान सरळ. एक सांगायचं राहिलं, मागच्या दारी एक पांढरा बोका दुधाला येतो. पाळलेला नाही, पण चिंगीचं आणि त्याचं गूळपीठ आहे. तोही कान झाडताना दिसतो.

बुलेटवाला

हायड्रोजन पेरॉक्साइड टाका. फेस येतो आणि सगळी घाण वर. आमच्या कुत्र्याला केलं होतं, एकदम क्लीन. डॉक्टरचे पैसे वाचतील.

तासगावचा दादा

ताई, ती गोचिडाची बाटली आधी घराभायेर काढा. आमच्या वस्तीवर एकानं म्हशीवर मारून उरल्यालं पाणी मांजराच्या अंगावर ओतलं, पिसवा जातील म्हणून. थोड्या वेळानं लाळ गाळाय लागलं, मग थरथर, मग झटकं. डॉक्टर येईस्तवर संपलं बिचारं. काका मनानं चांगलं असतील हो, पण म्हशीचं म्हशीला.

माणदेशी पशुवैद्य

तासगावच्या दादांचं बोलणं सगळ्यांनी दोनदा वाचावं. गोचिडाच्या बहुतेक औषधांत डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन नाहीतर अमिट्राझ असतं. म्हैस ते सहज पचवते, कुत्र्यालाही पायरेथ्रॉइड (डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन त्यातलीच) बऱ्यापैकी चालतात, मांजराला मात्र नाही. मांजराच्या यकृताला ही रसायनं फोडून बाहेर टाकणं नीट जमत नाही, त्यामुळे कुत्र्याला किरकोळ वाटणारी मात्राही मांजराच्या जिवावर बेतते. कुत्र्यांसाठी मानेवर टाकायच्या काही पिपेटमध्ये (औषधाच्या छोट्या नळीत) पर्मेथ्रिन हे पायरेथ्रॉइड असतं, तीही त्याच कारणानं मांजराला वर्ज्य. चुकून अंगावर पडलंच तर कोमट पाणी आणि भांड्याचा साधा साबण लावून धुवायचं, मांजराला ते चाटू द्यायचं नाही आणि तडक दवाखाना गाठायचा. झटके थांबण्याची वाट बघत बसू नका.

आता चिंगीचं. दोन्ही कान, कोरडा काळा चुरा, प्रचंड खाज, तरुण मांजर, बाहेरच्या बोक्याशी संबंध, एवढं जुळल्यावर पहिला संशय ओटोडेक्टिस सायनोटिस या माईटवरच जातो. कानाच्या मुळाशी घासल्यावर पाय हलतो असं तुम्ही लिहिलंय, तीही खाज तीव्र असल्याची खूण. पण संशय म्हणजे निदान नव्हे. यीस्ट म्हणजे बुरशीच्या संसर्गातही तपकिरी चिकट मळ येतो, बॅक्टेरियाच्या संसर्गात पू आणि वास येतो, तरुण मांजरांत कानाच्या आत मऊ गाठही वाढू शकते. सगळ्यांचं औषध वेगळं.

मांजराच्या कानाची नळी सरळ नसते, आधी खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. बॅटरीने तुम्हाला दिसतो तो फक्त वरचा भाग. कानाचा पडदा त्या वळणापलीकडे असतो, ऑटोस्कोपशिवाय (कानात बघायच्या दिव्याच्या यंत्राशिवाय) दिसत नाही. आणि पडदा शाबूत आहे की नाही हे कळल्याशिवाय कानात काही ओतणं हाच यातला खरा धोका आहे. पडद्याला भोक असेल तर कितीतरी औषधं आतल्या कानात उतरून ऐकू येणं आणि तोल दोन्ही बिघडवतात. जेंटामायसिनसारखी अँटिबायोटिक्स त्यात येतात. जखम धुवायचं क्लोरहेक्सिडिनही येतं, जे लोक निर्धास्तपणे वापरतात.

मेडिकलवाल्याचा ड्रॉप परत करा. मळ मऊ करणाऱ्या माणसांच्या काही ड्रॉपमध्ये बेंझोकेन आणि टर्पेंटाइन तेल असतं. बेंझोकेनमुळे मांजराच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद जाऊ शकते. बुलेटवाले भाऊ, पेरॉक्साइडने फेस येतो हे खरं, पण आतली त्वचा भाजते, ओल आत राहते आणि माईट्सला त्याने ढिम्म होत नाही. टी ट्री ऑइलचं नावही काढू नका, मांजराला ते विषारी आहे.

सासूबाईंच्या तेलाबद्दल: खोबरेल विषारी नाही, मळ मऊ होतो, थोडे माईट्स गुदमरूनही मरतात. पण सगळे मरत नाहीत आणि अंडी तर राहतातच. त्यात हळद मिसळली की तेलात गाळ होऊन तो खाली वळणात जाऊन बसतो, आणि उद्या डॉक्टरला आतलं काहीच दिसत नाही. दाखवून होईपर्यंत काही घालू नका.

गावभागची सून

बापरे. काकांना बाटली गोड बोलून परत केली. सासूबाईंनाही हे वाचून दाखवलं, "एवढं लिहिलंय म्हणजे शिकलेला असणार" म्हणाल्या. बाळाचं काय? आणि फोनवर काय विचारू?

माणदेशी पशुवैद्य

सासूबाईंना नमस्कार सांगा. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयातून शिकलोय.

बाळाची फार काळजी नको. हे माईट्स माणसावर घर करत नाहीत, क्वचित हातावर तात्पुरती खाज किंवा पुरळ उठते. बाळाचे हात धुवा, चिंगीचं अंथरूण गरम पाण्यातून काढून उन्हात टाका. कान बरे होईपर्यंत बाळाला तिचे कान ओढू देऊ नका, माईट्ससाठी म्हणून नाही, दुखऱ्या कानाला हात लागला की गरीब मांजरही पंजा मारतं. मात्र कानाच्या कडेला जाड करडी खपली धरायला लागली, तर ती नोटोएड्रिस नावाची खरूज असू शकते, नाहीतर गोल चट्टे पडणारं गजकर्ण. हे दोन्ही माणसाला लागतात, तेव्हा मग बाळाला लांबच ठेवायचं.

फोनवर दोनच गोष्टी विचारा: ऑटोस्कोप आहे का आणि कानातला मळ मायक्रोस्कोपखाली बघता का. दोन्हीला हो आलं तर जा. सांगली-मिरजेत पाळीव प्राण्यांचे खासगी दवाखाने आहेत, फार शोधावं लागणार नाही.

थांबायचं नाही अशी लक्षणं: मान कलणं, चालताना झोक जाणं, बुबुळं आपोआप इकडून तिकडे हलणं, पू, किंवा कानाची पाळी अचानक मऊ फुगणं. डोकं झाडून झाडून पाळीतली रक्तवाहिनी फुटते आणि आत रक्त साठतं. दुर्लक्ष केलं तर कान आक्रसून कायमचा वाकडा होतो. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

कऱ्हाडची

विषय थोडा वेगळा, पण पांढऱ्या बोक्याचं वाचलं म्हणून लिहिते. आमच्या पांढऱ्या मांजरीच्या कानाच्या टोकावर खपली यायची, पडायची, परत यायची. आम्हाला वाटलं भांडणात लागलं असेल. तो उन्हामुळे झालेला त्वचेचा कॅन्सर निघाला. कानाची टोकं कापावी लागली. आता ठणठणीत आहे, दिसते मात्र जरा विचित्र.

माणदेशी पशुवैद्य

बरोबर. पांढऱ्या कानांना उन्हापासून वाचवणारा रंग नसतो, शिवाय तिथे केस विरळ. भर दुपारी गच्चीवर लोळणाऱ्या पांढऱ्या मांजरांत हे बघायला मिळतं. न भरणारी खपली दाखवून घ्यावी.

गावभागची सून

बोक्याच्या कानाला खपली नाही, पण डाव्या कानाचं टोक सरळ कापल्यासारखं आहे.

मिरजकर

मग कुणीतरी त्याचं नसबंदीचं ऑपरेशन करून सोडलंय. भटक्या मांजरांचा कान तसा खूण म्हणून कापतात, परत पकडून पोट फाडायला नको म्हणून. तुमच्या मागच्या दारी बरा सभ्य बोका आलाय म्हणायचा.

गावभागची सून

अपडेट. विश्रामबागेकडच्या एका डॉक्टरांना दाखवून आलो. चिंगीला पिशवीत घालायचा बेत होता, पण इथल्याच एका जुन्या धाग्यात वाचून झाकणाची टोपली नेली. रिक्षात तिनं सगळ्या सांगलीला ओरडून सांगितलं.

पडदे दोन्ही शाबूत. डॉक्टरांनी कापसाच्या काडीवर वरवरचा मळ घेऊन काळ्या कागदावर झटकला आणि भिंग माझ्या हातात दिलं. आधी काही कळेना, मग त्या चुऱ्यातले पांढरे ठिपके चालायला लागले! अंगावर काटाच आला. मायक्रोस्कोपमध्ये तर पाय मोजता येत होते. दीरांनी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, जाऊबाईंनी लगेच सगळ्या चादरी धुवायला काढल्या.

सेलामेक्टिनचं मानेवर टाकायचं औषध दिलंय, महिन्यानं पुन्हा दाखवायचंय. कान धुवायचं एक लिक्विड दिलंय, ते कसं वापरायचं ते दाखवलं, पण तिथं चिंगी घाबरून गप्प होती. घरी ती गप्प बसायची नाही. कुणी नीट सांगेल का?

माणदेशी पशुवैद्य

छान झालं. मानेवरचं औषध केस बाजूला करून थेट कातडीवर, कवटीच्या खाली, जिथे तिची जीभ पोचत नाही तिथे टाकायचं. वाळेपर्यंत बाळाला हात लावू देऊ नका.

कान धुण्याची बाटली आधी थोडा वेळ मुठीत धरून कोमट करा. गार पाणी कानात गेलं की मांजर पुन्हा कधी जवळ येत नाही. टॉवेलमध्ये चारही पाय आत घेऊन गुंडाळा, फक्त डोकं बाहेर. एकानं मांडीवर धरायचं, दुसऱ्यानं कानाची पाळी हलकेच वर ओढून औषध सोडायचं. मग कानाच्या मुळाशी बाहेरून चोळा, आत पचपच आवाज आला म्हणजे पोचलं. मग सोडा आणि मागे सरा, ती डोकं झाडून घाण स्वतःच वर फेकते, भिंतीवर आणि तुमच्या साडीवरसुद्धा. वर आलेलं बोटाला कापूस गुंडाळून पुसा. बोट जाईल तेवढंच. कानात काडी घालायची नाही, ती मळ खाली ढकलते आणि मांजरानं ऐन वेळी झटका दिला तर पडदा फाटतो. काडी डॉक्टरच्या हातात ठीक.

बरं वाटलं म्हणून मध्येच थांबू नका. अंड्यापासून पूर्ण वाढलेला माईट व्हायला साधारण 3 आठवडे लागतात. खाज त्याआधीच कमी होते, लोक औषध बंद करतात आणि महिन्याभरानं "औषध लागू पडलं नाही" म्हणून परत येतात. घरात दुसरं मांजर, कुत्रं असेल तर त्यालाही त्याच वेळी औषध. नाहीतर हे चक्र चालूच राहतं.

आणि एकदा बरी झाली की कान धुणं बंद. निरोगी मांजराचा कान स्वतःच साफ राहतो. आतून फिकट गुलाबी, कोरडा, बिनवासाचा दिसला की हात लावायचा नाही. आठवड्यातून एकदा उजेडात बघितलंत तरी पुष्कळ.

गावभागची सून

म्हणजे बोक्यालाही औषध हवं. पण तो हाताला लागत नाही, जवळ गेलं की कुंपणावरून पसार. पिंजरा लावू का?

तासगावचा दादा

पिंजरा कशाला, सुका बांगडा ठेवा. खाताना त्याला जगाची शुद्ध नसती.

माणदेशी पशुवैद्य

दादांचा उपाय शास्त्रोक्त आहे. मात्रा वजनावर ठरते, तेव्हा बोक्याचा फोटो आणि अंदाजे वजन तुमच्या डॉक्टरांना सांगून त्याच्यासाठी वेगळी पिपेट घ्या, चिंगीची अर्धी करू नका. रोज एकाच जागी, एकाच वेळी खायला घाला आणि रोज थोडं जवळ बसा. तो मान खाली घालून खाण्यात रमला की मागून एका दमात टाकायचं. ओला असताना टाकू नका, पाऊस असेल तर दुसऱ्या दिवशी.

गावभागची सून

फोटो पाठवला, डॉक्टरांनी साधारण चार-साडेचार किलो धरून पिपेट दिली. बांगडा सासूबाईंनी आणायला सांगितलाय, पण घरात भाजायचा नाही, चातुर्मास आहे. मागच्या अंगणात चूल मांडतोय. झालं की लिहिते.