एक्सएसएलटी लिहिणाऱ्याच्या एडिटरला स्कीमा हवाच

टिळकवाडीकर: बेळगावात सोसायट्यांचे वार्षिक अहवाल मराठी-कन्नड दोन्हींत काढावे लागतात. आम्ही मजकूर एक्सएमएलमध्ये, म्हणजे टॅग लावलेल्या फाइलीत ठेवतो, एक्सएसएलटी या भाषेत रूपांतराच्या सूचना लिहिलेली स्टाइलशीट चालवून एक्सएचटीएमएल (वेबपानाचं रूप) आणि त्यावरून पीडीएफ काढतो. एका स्टाइलशीटला चौघांचे हात लागतात, म्हणून माझा आग्रह: एडिटरला स्कीमा, म्हणजे कोणता टॅग कुठे चालतो याची नियमावली, जोडल्याशिवाय कुणी फाइल उघडू नये. 'फॉर-ईच'मध्ये (एकेक नोंद घेणारी सूचना) 'सॉर्ट' (क्रम लावणारी) सगळ्यात आधी हवा, 'पॅराम' (बाहेरून येणारी किंमत) टेम्प्लेटच्या, म्हणजे सूचनांच्या एका गटाच्या, सुरुवातीलाच हवा. हे नियम डोक्यात कशाला वागवायचे? ईमॅक्स या एडिटरच्या एनएक्सएमएल मोडमध्ये (एक्सएमएल लिहिण्याची सोय) रिलॅक्स एनजी या भाषेतला स्कीमा असला की चूक टाइप करतानाच अधोरेखित होते. एक्सएसएलटी 3.0 च्या 2017 च्या शिफारशीत, म्हणजे अधिकृत मानकात, असा स्कीमा तयार दिलाय.

निपाणीचा वाचक: नाही पटलं. या चुका स्टाइलशीट चालवणारा प्रोसेसरही सांगतो की. खरं दुखणं एक्सपाथचं, म्हणजे फाइलीतला हवा तो भाग शोधणाऱ्या मार्गांचं, आणि स्कीमाला 'सिलेक्ट'मधला मार्ग म्हणजे नुसती अक्षरं. कन्नड परिच्छेद ओळखायला त्या मार्गात 'केएन' हा भाषेचा कोड लागतो. कुणी 'केए' लिहिलं, तर तो जॉर्जियनचा कोड! स्कीमा गप्प, प्रोसेसरही गप्प. कन्नडला मराठीचा फॉन्ट लागतो आणि पीडीएफमध्ये नुसते चौकोन. त्यापेक्षा नमुना अहवाल काढा आणि दोन्ही लिप्या येणाऱ्याला दाखवा.

टिळकवाडीकर: दाखवायचा तर आहेच. पण 'टेबल'ऐवजी 'टेबेल' पडलं तर प्रोसेसर हूं की चूं करत नाही, त्याच्या लेखी तो आउटपुटचाच एक टॅग. एक्सएसएलटीच्या स्कीमात एक्सएचटीएमएलचा मिसळला की ते जागीच दिसतं.

खानापूरकर: मिसळलेला स्कीमा फार सैल होतो, दादा. प्रत्येक टॅगच्या पोटात एक्सएसएलच्या सूचना चालू द्याव्या लागतात. चित्राचा 'एसआरसी' (फाइलीचा पत्ता) सक्तीचा ठेवता येत नाही, तो पुढे 'एक्सएसएल:अ‍ॅट्रिब्यूट' या सूचनेने येऊ शकतो. 'टीआर' (तक्त्याची ओळ) एका टेम्प्लेटात, 'टीडी' (ओळीतला खाना) दुसऱ्यात, मग कोण कुणाच्या आत हे कसं कळणार? कडक तपासणी तयार झालेल्या एक्सएचटीएमएलचीच करा.

टिळकवाडीकर: तीही करू. सैल असला तरी टॅगची नावं तरी तपासली जातात, नव्या मुलाला तेवढाच आधार.

निपाणीचा वाचक: आणि त्या मिसळलेल्या स्कीमाची देखभाल?

टिळकवाडीकर: माझ्याकडे. रिलॅक्स एनजीत दोन्ही मूळ स्कीमा 'इन्क्लूड' करून हवी तेवढीच व्याख्या बदलता येते, मूळ फाइलींना हात लागत नाही. तुमचा नमुना अहवाल तेवढा पाठवा, प्रत्येक बदलानंतर तोही चालवतो.