शुद्धीचे नियम म्हणजे नुसते आरोग्यशास्त्र नव्हे

बायबलच्या जुन्या करारातील लेवीय ग्रंथात दिलेले शुद्धाशुद्धतेचे नियम म्हणजे त्या काळचे आरोग्यशास्त्र, सबब आजच्या ख्रिस्ती माणसाला गैरलागू, हे मत काही जण मांडतात, पण मला ते पटत नाही. लेवीय 13:12-13 पाहा: कातडीचा रोग सर्वांगभर पसरून ती पूर्ण पांढरी झाली, तर याजक (पुरोहित) त्या माणसाला शुद्ध ठरवतो, संसर्गाच्या हिशेबात हे बसत नाही. शिवाय 14व्या अध्यायातला विधी रोग बरा झाल्यानंतरचा आहे. मातीच्या पात्रात, वाहत्या पाण्यावर एक पक्षी मारायचा आणि दुसरा, जिवंत, मारलेल्या पक्ष्याच्या रक्तात बुडवून मोकळ्या रानात सोडायचा. या जोडीत अनेकांनी ख्रिस्ताचे मरण व पुनरुत्थान पाहिले आहे. मला मात्र नव्या करारातील मार्कच्या शुभवर्तमानातला उतारा (मार्क 1:41-44) अधिक बोलके वाटते, कारण तिथे येशू कुष्ठरोग्याला आधी स्पर्श करतो आणि मगच मोशेने (लेवीय ग्रंथातले हे नियम ज्याच्यामार्फत दिले गेले त्याने) नेमलेले अर्पण करण्यासाठी याजकाकडे पाठवतो.