मदत हवी आहे: फोनवरून वाजणारा सायरन लगेच गप्प होतो

राजापूरकर
गावी आई एकटी असते. वाडीत पंपाच्या केबली चोरीला जातायत म्हणून मी घरीच जोडणी केली. मिस कॉल दिला की रिले (विजेवर चालणारा स्विच) ओढतो, सायरन वाजतो, पडवीतला हॅलोजन लागतो. डोंबिवलीत टेबलावर झकास चाललं. गावी सायरन क्षणभर ओरडतो आणि सगळंच बंद. परत फोन लावला तर ‘स्विच ऑफ’. परवा निघतोय, लवकर सांगा.

वायरमन_सांगली
फोन घेणारं मॉड्यूल कुठलं? सप्लाय कशावर? सिम? काहीच लिहिलं नाहीत. आमच्याकडे फोनवरून पंपाची मोटार चालू करणाऱ्या मोबाईल ऑटोलाच सायरन जोडतात. तोच घ्या.

पडवीवरून
गावठी कुत्रा पाळा. कसलं मॉड्यूल नि काय.

राजापूरकर
कुत्रा होता, बिबट्याने नेला.

तात्या_नगर
कुंपणाच्या तारेत रात्री करंट सोडा, कोणी फिरकणार नाही.

वायरमन_सांगली
तात्या, असलं लिहू नका. घरची लाईन तारेत सोडणं गुन्हा आहे, माणसं मरतात त्याने. झटका मशीन वेगळं, ते क्षणभराचाच ठोका देतं.

तात्या_नगर
मी मशीनचंच म्हणत होतो. आमच्याकडे डुकरांना तेच लावतात.

राजापूरकर
डुकरं नकोत इथे! मॉड्यूल ‘सिम ८००एल’ आहे, सिमकार्ड बीएसएनएलचं. सायरन आणि मॉड्यूल एकाच १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर, मध्ये मॉड्यूलसाठी व्होल्टेज उतरवणारा बक कन्व्हर्टर.

सोल्डरवाली
मग गोम तिथेच आहे. हे मॉड्यूल टॉवरशी बोलताना २ अँपिअरपर्यंत ओढतं आणि व्होल्टेज ३.४ च्या खाली गेलं की झोपतं. गावी टॉवर लांब म्हणून ते पूर्ण जोर लावतं, नेमका त्याच वेळी सायरन अडॅप्टरला खाली खेचतो. १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तास) बॅटरी चार्जरसकट बसवा, सायरनची वायर थेट तिच्यावरून घ्या. बक ४ व्होल्टवर ठेवा, मॉड्यूलच्या पिनांना लगटून १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, वायरी जाड आणि आखूड. हॅलोजनऐवजी १२ व्होल्टचा एलईडी लावा, लाईट गेली तरी पेटेल. आणि कोडमध्ये फक्त घरचे नंबर ठेवा, नाहीतर कर्जवाल्यांच्या फोनवरही वाडी जागी होईल.
पण चाहूल आधी आईंना लागणार, त्यांच्या हातात काय आहे? ४३३ मेगाहर्ट्झचा रिमोट जोडा, उशाशी राहील.

कॅमेरेवाला
वायफाय कॅमेरा लावा, फोनवर सगळं दिसतं.

राजापूरकर
वाडीत वायफाय नाही. सोल्डरवाली, बॅटरी आजच घेतो. जांभ्याच्या भिंतीतून रिमोट पोचेल?

सोल्डरवाली
रिसीव्हरला १७ सेंटीमीटरची सरळ तार अँटेना म्हणून जोडा आणि तो माळ्यावर ठेवा. आईंच्या खाटेवरून स्वतः दाबून बघा, मगच परत या.