गोयाच्या सावल्या आणि झिजलेला पत्रा

स्पॅनिश चित्रकार गोयाच्या ‘लॉस काप्रिचोस’ या छापचित्रांच्या संचातल्या पहिल्या पानावरच्या आत्मचित्रात (उंच टोपी, अर्धवट मिटलेला डोळा, तोच तो तुसडा चेहरा) सावली फक्त आडव्या-उभ्या रेघांनी साधली आहे, असं कुणी म्हटलं तर ते मला अर्धंच पटतं. रेघा आहेतच, पण सोबत ॲक्वाटिंट ही सावली छापायची पद्धतही आहे. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरून तापवायची, मग ॲसिडमध्ये बुडवायचा. ॲसिड कणांच्या मधली जागा खातं आणि छापल्यावर शाईचा सलग करडा थर उमटतो. उजेड हवा तिथे आधीच वार्निश लावून झाकायचं. म्हणजे प्रकाश काढायचा नसतो, राखायचा असतो. एकदा हे करून पाहिलं होतं. राळ जरा जास्त तापली, वितळून एक झाली आणि गाल कोराच राहिला!

अजून एक गोष्ट. ॲक्वाटिंटचा दाणा (ॲसिडने पत्र्यावर उठलेला बारीक खरबरीतपणा) फार उथळ असतो, दाबयंत्राखाली तो रेघांच्या आधी झिजतो. ८० चित्रांचा हा संच १७९९चा, पण त्याच पत्र्यांवरून विसाव्या शतकापर्यंत छपाई होत राहिली. त्यामुळे उशिराच्या प्रतींत रेघा शाबूत आणि सावल्या विटलेल्या दिसतात. तुम्ही कुठल्या आवृत्तीचं चित्र बघताय, ते आधी तपासा.