तुरट लागली म्हणून सोडू नका
रेड वाइन तुरट लागली म्हणून अर्धा ग्लास तसाच ठेवून उठलात, असं तुम्ही लिहिलंत, ते वाचून हळहळ वाटली. तो तुरटपणा टॅनिनचा, म्हणजे द्राक्षांच्या साली-बियांतून येणाऱ्या तुरट द्रव्याचा. सोबत चीजचा तुकडा घेतला असता तर बराच निवळला असता. त्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश टॅनिनला आवरतात. तिखट मात्र मागवू नका, अल्कोहोलने जीभ आणखी भाजते. (स्वतः भोगलंय!)

आणि बारमध्ये अख्खी बाटली न घेता एखादा ग्लास वाइन घेताना बाटली कधी उघडली ते बिनदिक्कत विचारा. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाचच ग्लास होतात, पण गिऱ्हाईक कमी असलं की तीच दोन-चार दिवस पुरवली जाते, नि हवा लागून चव उतरते. छोट्या बारमध्ये विचारलं तर घोटभर चाखायलाही देतात बऱ्याचदा.